उतरल्याचा शब्द

१

अमरावतीतून बडनेऱ्याच्या रस्त्याला लागलं, की गाव संपून कापसाच्या पऱ्हाटीची वावरं सुरू होत. तिथंच विजेचं सबस्टेशन होतं. सबस्टेशन म्हटल्यावर फार मोठं काही डोळ्यांपुढं आणू नका. तारेचं कुंपण, दिवसरात्र गुणगुणणारे दोन ट्रान्सफॉर्मर आणि एक कौलारू खोली. खोलीत भिंतीला लोखंडी खटके, त्यांच्या वर काटे थरथरणारी मीटरं, खिडकीपाशी फोन, आणि कोपऱ्यात हेमचंद्र बिडवईचा स्टोव्ह. बासष्ट सालचा फाल्गुन चालू होता आणि दिवसपाळी हेमचंद्रची होती.

काम तसं सोपं. लाईनमन तारेवर चढण्याआधी खांबाजवळून फोन करायचा. त्याच्याजवळ फोनची पेटी असायची, ती खांबावरून जाणाऱ्या फोनच्या तारेला हूक लावून जोडायची. तो म्हणायचा, "बंद करा." हेमचंद्र खटका खाली ओढायचा, काटा शून्यावर आलेला बघायचा आणि सांगायचा, "झाली बंद, चढा." मग लाईनमन एक शब्द द्यायचा. त्याला सगळे उतरल्याचा शब्द म्हणत. काम संपवून माणसं खाली आली, की तो परत फोन करून तोच शब्द बोलायचा. शब्द बरोबर आला तरच खटका वर. नाहीतर गाव अंधारात बसलं तरी चालेल, पण खटक्याला हात लावायचा नाही. कारण उघड आहे. माणूस तारेवर असताना खटका वर गेला, तर त्याला हाय म्हणायलाही सवड मिळत नाही.

सुरुवातीला या शब्दांचा निव्वळ पोरखेळ होता. एक लाईनमन रोज "राम" म्हणायचा, दुसरा बायकोचं नाव घ्यायचा, तिसरा तर सरळ "कालचाच" म्हणायचा. असला शब्द शेंबडं पोरगंसुद्धा ओळखेल! मग अकोल्याच्या वरच्या ऑफिसातून फर्मान आलं. देवाचं नाव नको, घरच्या माणसाचं नको, गावाचं नको. शब्द रोज नवा पाहिजे आणि दोन शब्द एकमेकांना जोडून केलेला पाहिजे, म्हणजे कोणाला अंदाजानं सांगता येणार नाही.

यात देवमन तायडेचा हात कोणी धरू शकत नव्हतं. अंगानं शिडशिडीत, मिशी बारीक, आणि तोंडाला म्हणून कुलूप नाही. फोन उचलला की आधी "जय भीम, भाऊ," आणि मग शब्द. "भेंडीचं बाशिंग." "खारवलेला घोडा." "बिनशेंडीचा कांदा." हेमचंद्र एकटाच खोलीत खो खो हसायचा. काम झालं की देवमन सबस्टेशनवर यायचा आणि दोघं एकाच स्टोव्हवरचा चहा एकसारख्या कपांतून प्यायचे. हेमचंद्रच्या आईनं हे पाहिलं असतं तर घरात रणकंदन झालं असतं. म्हणून तिला कोणी सांगितलं नाही.

२

त्या दिवशी देवमन मूर्तिजापूरच्या बाजूला जाणाऱ्या लाईनवर होता. सोबत किसनराव होते, जुने खलाशी, म्हणजे लाईनमनचे मदतनीस. ते जमिनीवर थांबून दोरीनं सामान वर पाठवायचे. सकाळी फोन आला, खटका खाली गेला, आणि देवमननं शब्द दिला, "वांग्याचा वकील."

हेमचंद्रनं हसत स्टोव्हवर आधण ठेवलं. ते उकळायच्या आत फोन वाजला.

"वांग्याचा वकील," देवमनचा आवाज आला.

हेमचंद्रचा हात सवयीनं खटक्याकडं गेला. शब्द बरोबर, आवाज बरोबर, मग अडलं कुठं? अडलं हे, की देवमन एवढंच बोलून कधी थांबला नव्हता. "टाका आता भाऊ, चहा ठेवा, ऊन लय तापून राहिलं," असं शेपूट लागल्याशिवाय त्याचा फोन संपतच नसे.

"एवढ्यात झालं? किसनराव बाजूला झाले का?"

पलीकडं काहीच नाही. वारा नाही, पाखराचा आवाज नाही. उघड्या वावरातून आलेल्या फोनमध्ये एवढी शांतता हेमचंद्रनं कधी ऐकली नव्हती.

"वांग्याचा वकील," आवाज पुन्हा म्हणाला. अगदी पहिल्यासारखंच, त्याच जागी श्वास घेऊन.

हेमचंद्रनं रिसीव्हर खाली ठेवला. का ठेवला ते त्यालाही सांगता आलं नसतं. बराच वेळ गेला, चहा आटून गेला, आणि परत फोन आला. "वांग्याचा वकील, भाऊ! टाका आता. हात पाहा कसे पोळले माहे."

"देवमन, मघाशी फोन केला होतास?"

"म्या? मघाशी त म्या वरतं लटकून होतो. पेटी खाली किसनरावापाशी, अन् किसनराव बाभळीखाली घोरून राहिले होते. काहून?"

हेमचंद्रनं सांगितलं. देवमन आधी हसला. मग एकदम गप्प झाला, आणि देवमन गप्प झालेला हेमचंद्रनं पहिल्यांदाच ऐकला.

३

हेमचंद्र काही भुताखेतांवर विश्वास ठेवणारा नव्हता. वडील वकील, स्वतः मॅट्रिक. त्यानं सरळ विचार केला. फोनची तार खांबांवरून उघडी जाते. कोणीतरी मध्येच पेटी अडकवून ऐकत असेल आणि नकला करत असेल. हलकट आहे कोणीतरी, दुसरं काय!

म्हणून हेमचंद्र आणि देवमननं शब्द फोनवर द्यायचंच बंद केलं. सकाळी देवमन सबस्टेशनच्या फाटकाशी यायचा, इकडं तिकडं बघायचा आणि शब्द समोरासमोर सांगून जायचा. पहिल्या दिवशी तो म्हणाला, "म्हशीची मुंज." आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं. किसनरावांनासुद्धा शब्द कळू दिला नाही.

दुपारी फोन वाजला. वारा नाही, पाखरू नाही.

"म्हशीची मुंज."

हेमचंद्रनं रिसीव्हर आदळला. भीती वाटली, सरळ भीती. आणि भीतीपेक्षाही जास्त वाटला तो संताप, कारण त्या आवाजाला दुसरं काहीच नको होतं. त्याला फक्त खटका वर जायला हवा होता, आणि त्या वेळी देवमन तारेवर होता.

त्या दिवशी घरी त्याला जेवण गेलं नाही. त्यानं बायकोला, प्रमोदिनीला, विचारलं, "मी झोपेत बोलतो का गं?"

"बोलत नाही," ती ताट उचलताना म्हणाली. "ऐकता."

"म्हणजे?"

"हं, हं, करत असता. मधेच थांबता, परत हं करता. समोरचा सांगतोय आणि तुम्ही ऐकून घेताय असं. मी म्हटलं, ऑफिसचा फोन डोक्यातून जात नसेल." मग तिनं त्याच्याकडं नीट बघितलं. "काय झालं हो? तोंड कसं उतरलंय तुमचं!"

काही नाही, असं तो म्हणाला. बायकोला काय सांगणार होता?

४

लाईन रोजच्यापेक्षा जास्त वेळ बंद राहू लागली, कारण आता शब्द आला तरी हेमचंद्र देवमनला उलटसुलट प्रश्न विचारत बसायचा. कापसातून सरकी काढणारे जिनिंगवाले बोंबलायला लागले. शेवटी अकोल्याहून इंजिनीयर रविकांत साहेब आले. तरुण, चष्मा, इस्त्रीचा शर्ट, आणि कपाळावर आठी.

"बिडवई, शब्द कच्चे आहेत तुमचे," सगळं ऐकून ते म्हणाले. "म्हशीची मुंज काय, वांग्याचा वकील काय! माणसाचा स्वभाव कळला की त्याचे शब्द ओळखता येतात. अर्थच नसलेला शब्द घ्या. अक्षरं वेडीवाकडी जोडा."

"साहेब, ओळखून एकदा सांगता येईल. रोज?"

"घ्या म्हणतो ना मी!"

साहेब खोलीतच बसले. हेमचंद्र आणि देवमन पऱ्हाटीच्या वावरात मध्यापर्यंत चालत गेले. तिथं देवमननं हेमचंद्रच्या कानाला तोंड लावून चार अक्षरं सांगितली, "ठुबळखी." ना आगा ना पिछा. परत येताना देवमन म्हणाला, "भाऊ, मले लय येगळंच वाटून राहिलं. घरी पंचफुलाले अजून सांगतलं नाई म्या. सांगतलं त ती मले खांबावर चढूच देनार नाई."

"मी आहे ना," हेमचंद्र म्हणाला. "माझ्या हातून खटका वर जाणार नाही."

"तुमी हाव म्हनूनच त चढतो जी."

देवमन गेला. लाईन बंद झाली. साहेबांनी खुर्ची फोनजवळ ओढली आणि फोन वाजल्याबरोबर स्वतः उचलला. ते काहीच बोलले नाहीत, नुसतं ऐकत राहिले. हळूहळू त्यांच्या कपाळावरची आठी गेली आणि चेहरा लहान मुलासारखा झाला. मग त्यांनी रिसीव्हर दोन्ही हातांनी जपून खाली ठेवला.

"काय म्हणाला, साहेब?"

"ठुबळखी," साहेब म्हणाले. शब्द त्यांना कोणी सांगितलेला नव्हता. "हाच होता?"

"हाच."

"देवमनचा आवाज कसा आहे? जाड का बारीक?"

"बारीक. का?"

"मी ऐकला तो जाड होता. ओळखीचा," साहेब पुटपुटले. त्यांनी चष्मा पुसला, परत पुसला. "लाईनवर खरखर आहे," ते म्हणाले, "दुसरं काही नाही." निघताना मात्र दारात थांबून म्हणाले, "तुमचं तुम्ही बघा, बिडवई. पण माणूस मेला तर ते तुमच्या डोक्यावर." जीप आलेल्या रस्त्यानं भरधाव निघून गेली. मोठा साहेब, आणि पळाला कसा बघा!

५

हेमचंद्रनं एक शेवटचा प्रयोग केला. एका सकाळी त्यानं शब्द स्वतःच ठरवला, आणि तोही मनातल्या मनात. कोणाला सांगितला नाही, ओठसुद्धा हलवले नाहीत. दुपारी फोनवर देवमनच्या आवाजानं तो शब्द त्याला सांगितला. त्यानंतर हेमचंद्र बाहेर जाऊन कुंपणाशी बराच वेळ उभा राहिला.

"म्हणजे शब्दाचा उपेग नाई," देवमन चहा पिताना म्हणाला. "कितीबी घट्ट शब्द करा, त्याले कळतेच. मंग शब्दच काहून ठेवता? म्या सवता येतो. खाली उतरलो का सायकल मारत इथं येतो, तुमच्या म्होरं उभा राहतो, मंग वर करा खटका. डोळ्यानं पाहा अन् करा."

हे पटण्यासारखं होतं. उशीर होईल, जिनिंगवाले बोंबलतील, बोंबलू देत. देवमन समोर उभा राहिल्याशिवाय खटका वर करायचा नाही, असं ठरलं. लाईन बंद करायचं मात्र आधीसारखंच फोनवर ठेवलं. बंद करण्यात कसला आलाय धोका? चुकून बंद झाली तर दिवे जातील, माणूस जाणार नाही. दोघांना तो विचार इतका पटला, की त्यापुढं कोणी विचारच केला नाही.

आणि खरंच बरे दिवस आले. दुपारी फोन वाजायचा, हेमचंद्र उचलायचाच नाही. वाजून वाजून तो थांबायचा. मग फाटकाशी सायकलची घंटी यायची, घामानं निथळलेला देवमन दारात उभा राहून छातीवर हात मारायचा, "पाहा, मीच हाव का नाई?" हेमचंद्र त्याच्या खांद्याला हात लावून बघायचा आणि मगच खटका वर करायचा. दोघं हसायचे. एकदा तो समोर असतानाच फोन वाजला, तर देवमननं रिसीव्हर उचलून ठणकावलं, "काहून रे बाप्पा, दमलास काय? दुसरा धंदा पाहा!"

"नको त्याच्याशी बोलूस," हेमचंद्र ओरडला. देवमननं जीभ चावली आणि फोन ठेवला. त्यानंतर फोन वाजायचा बंद झाला. आठवडा गेला तरी वाजला नाही. हेमचंद्रला रात्रीची झोप लागू लागली.

६

त्या दिवशी देवमन नाल्यापलीकडच्या खांबावर काम करणार होता. खांब सबस्टेशनपासून फार लांब नव्हता, पण मध्ये बाभळी असल्यानं दिसत नव्हता. सर्दीनं आवाज बसलेला हेमचंद्र सकाळपासून त्याच्या फोनची वाट बघत होता. ऊन चढलं. मीटरचा काटा भरल्या लोडवर थरथरत होता, ट्रान्सफॉर्मर गुणगुणत होते. फोन काही येईना. कुठंतरी चहा ढोसत बसला असेल लेकाचा, असं हेमचंद्र मनात म्हणाला.

फाटकाशी सायकल आपटली. देवमन नव्हता, किसनराव होते. धापा टाकत आत आले.

"रस्सी राहिली इथं, ते न्याले आलो. देवमन म्हने पळा लवकर."

"देवमन कुठं आहे?"

"खांबावर चढून राहिला ना. पट्टा बांधूनशानी गेला वर."

"वर?" हेमचंद्र उभाच राहिला. "मला न विचारता?"

किसनराव त्याच्याकडं बघतच राहिले. "असं काय करता, भाऊ? आत्ता त म्हनले ना तुमी फोनवर! देवमन म्हने बंद करा, तुमी म्हनले, झाली बंद, चढा. म्या बी आयकलं. पेटी माह्याच हातात होती. तुमचाच आवाज होता जी."

हेमचंद्रनं मीटरकडं बघितलं. काटा भरल्या लोडवर थरथरत होता.

त्यानं झेप घेऊन खटका खाली ओढला. काटा शून्यावर पडला, गुणगुण थांबली. दुसऱ्या कोणाला त्या शांततेत बरं वाटलं असतं, हेमचंद्रला वाटलं नाही. आजवर शब्द मागितला तो देवमनकडून. हेमचंद्रकडून कोणी कधी कसला शब्द मागितला नव्हता. मागायचं सुचलंच नव्हतं कोणाला. बंद करण्यात कसला आलाय धोका!

"त्यानं तारेला हात लावला होता का? किसनराव, बोला ना!"

"नाई जी. रस्सीबगर तार नाई धरत तो. बसून राहिला असन वरतं."

हेमचंद्रच्या जिवात थोडा जीव आला. पण नुसता थोडाच. देवमन जिवंत आहे का, हे आता फोनवर विचारून काय कळणार होतं? पलीकडून देवमनचाच आवाज येणार, तो "हाव" म्हणणार, आणि त्यावर विश्वास कसा ठेवायचा? डोळ्यांनी बघायलाच हवं होतं, आणि त्याला खाली उतरवायला हवं होतं. किसनरावांची तर परत सायकल मारायचीही ताकद उरली नव्हती.

त्यानं किसनरावांना खटक्यापाशी स्टुलावर बसवलं आणि त्यांचे दोन्ही हात धरले. "नीट ऐका. या खटक्याला कोणाला हात लावू द्यायचा नाही. देवमन म्हणाला तरी नाही. अकोल्याहून साहेब म्हणाले तरी नाही. मी सांगेन तेव्हाच. फक्त मी. कळलं?"

"कळलं जी. तुमी सांगसान तवाच."

७

बाभळी ओलांडल्या आणि हेमचंद्रला देवमन दिसला. खांबाच्या टोकाशी पट्ट्यात मागं रेलून तो बिडी ओढत होता. जिवंत, धडधाकट! हेमचंद्रनं किसनरावांची सायकल तशीच टाकली आणि खांबाला टेकून उभा राहिला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते त्यानं पुसलं नाही.

"भाऊ?" वरून आवाज आला. "तुमी कसे काय इथं? रस्सी आनली काय?"

रस्सी आणायची राहूनच गेली होती. हेमचंद्रला हसू आलं. "देवमन, मी नव्हतो रे फोनवर! सकाळपासून माझ्याकडं फोनच आला नाही. लाईन चालू होती!"

देवमनच्या हातून बिडी सुटली. तारेपासून त्यानं अंग आखडून घेतलं. "चालू हाय?"

"होती. आता नाही. मी माझ्या हातानं खटका ओढलाय, काटा शून्यावर बघितलाय. आता खरंच बंद आहे. भिऊ नको, ये खाली."

देवमननं लांब श्वास सोडला. मग तो मान हलवून हसला, आणि पट्टा सोडण्यासाठी सरकताना आधाराला त्यानं वरची तार मुठीत धरली. भाऊंनी स्वतः समोर उभं राहून सांगितलं होतं, आता कसली भीती? एकदम जोराचा वारा सुटला. बाभळीच्या शेंगा खुळखुळू लागल्या.

खांबाच्या बुडाशी फोनची पेटी होती, हूक तारेला लावलेलाच होता. सगळं ठीक आहे, देवमन उतरतोय, असं किसनरावांना सांगावं म्हणून हेमचंद्रनं रिसीव्हर उचलून कानाला लावला.

फोनवर आधीच कोणीतरी बोलत होतं.

"...उतरला का जी देवमन?" किसनराव विचारत होते.

"उतरला," हेमचंद्रचा आवाज म्हणाला. सर्दी झाल्यावर जरा बसतो, तसाच त्याचा आजचा बसलेला आवाज. "माझ्यासमोर उभा आहे. बोला त्याच्याशी."

"जय भीम, किसनराव," देवमनचा आवाज आला. "उतरलो ना बाप्पा. चहा ठेवा."

"मी सांगतोय ना, किसनराव," हेमचंद्रचा आवाज म्हणाला. "मीच आहे. करा खटका वर."

"किसनराव, नाही!" हेमचंद्र रिसीव्हरमध्ये किंचाळला. "मी इथं आहे! मी बोलतोय!" पलीकडं कोणाला ऐकू गेलं नाही. किसनराव निवांत आवाजात म्हणाले, "बरं जी, करतो." मग स्टूल मागं सरकल्याचा आवाज आला.

हेमचंद्रनं रिसीव्हर फेकला आणि वर बघितलं. "देवमन! तार सोड! सोड ती तार!"

वाऱ्यात त्याचा शब्द वर पोचला नाही. देवमननं एक हात कानामागं धरला, दुसरा तारेवर तसाच ठेवला आणि हसत खाली वाकून विचारलं, "काय म्हंता, भाऊ?"